झुरळांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. घर जुनं, मोरी स्वयंपाकघराला लागूनच. पावसाळ्यात मोरीच्या जाळीतून मोठी तांबूस झुरळं वर यायची, त्याची सवय होती. चप्पल घेतली की विषय संपला.

आता जी झालीत ती वेगळीच. जेमतेम अर्धा इंच, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळे उभे पट्टे. फ्रीजच्या मोटरमागे, मिक्सरच्या बुडाशी, ट्रॉलीच्या बिजागरीत. रात्री पाणी प्यायला उठून लाइट लावली की नुसती पळापळ! एकीच्या मागे अंड्यांची कुपी लटकलेली दिसली. हीच ती जर्मन झुरळं ना? एका कुपीत 30-40 पिल्लं असतात म्हणे, म्हणून धाबं दणाणलंय.

स्प्रे मारला, खडू ओढला. चार दिवस बरं, परत तेच. आता जेल लावायचा विचार आहे. जेलच्या जवळ स्प्रे मारला तर झुरळं ते खात नाहीत हे खरं का? ठिपके किती नि कुठं लावायचे? आणि पिल्लं निघाल्यावर परत कधी लावायचं?

आई बोरिक पावडर, कणीक, साखरेच्या गोळ्या करूया म्हणते. पण घरात रांगतं बाळ आहे आणि मांजरही (ते झुरळांशी फक्त खेळतं, मारत नाही), त्यामुळं धीर होत नाही.

कुणी स्वतः करून बघितलं असेल तर सांगा. शनिवारी पाहुणे येणार आहेत ओ!