मदत हवी आहे: १९९४ च्या फौजदारी खटल्याचे निकालपत्र तालुका न्यायालयातून कसे मिळवावे?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. १९९४ साली आमच्या गावी शेताच्या बांधावरून दोन भावकींत मारामारी झाली आणि तिच्यात माझ्या वडिलांसह आमच्याकडील काही जणांवर गुन्हा दाखल झाला. वडिलांच्या आठवणीप्रमाणे भारतीय दंड विधानाची ३२४, ३२३, ५०४, ५०६ आणि ३४ ही कलमे लागली होती, त्यांना अटक झाली होती, दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला आणि पुढे दोन-तीन वर्षांनी तालुक्याच्या न्यायालयात खटला "मिटला". मिटला म्हणजे नेमके काय झाले, हे घरात कोणालाही सांगता येत नाही. वकील हयात नाहीत आणि खटल्याचा एकही कागद आमच्याजवळ नाही.

आता धाकट्या भावाने, जो अमेरिकेचा नागरिक आहे, आईवडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज केला आहे. त्या अर्जात पूर्वी कधी अटक झाली होती का, असा सरळ प्रश्न असतो आणि वडिलांनी खरे तेच उत्तर दिले आहे. त्यामुळे निकालाची प्रमाणित नक्कल सादर करणे आम्हाला भाग आहे. पासपोर्ट कार्यालयाकडून पोलिसांचा ना-हरकत दाखला मिळाला असून त्यात कोणताही शेरा नाही, परंतु तेवढ्याने भागणार नाही असे भावाच्या वकिलांनी कळवले आहे.

ई-कोर्टच्या संकेतस्थळावर वडिलांचे नाव वेगवेगळ्या स्पेलिंगने घालून पाहिले, काहीही सापडत नाही. गाव तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. खटला क्रमांक माहीत नसताना शोध कोठून सुरू करावा, अर्ज कोणाच्या नावे करावा, माहितीच्या अधिकाराचा येथे उपयोग होईल का आणि इतका जुना अभिलेख शिल्लक असण्याची शक्यता किती, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. मी स्वतः पुण्यात असतो. वडील गावीच आहेत आणि हिंडते-फिरते आहेत.

जुने_दप्तर

मी न्यायालयीन कर्मचारी म्हणून निवृत्त झालो आहे, त्यामुळे कायद्यापेक्षा दप्तराच्या बाजूने सांगतो.

ई-कोर्टवर न सापडणे ही काळजीची बाब नाही. ई-कोर्ट प्रकल्पाचे काम २००७ पासून पुढे टप्प्याटप्प्याने झाले, आणि त्याआधीच निकाली निघालेले तालुका पातळीवरील खटले त्यात सहसा भरलेले नसतात. तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले आणि त्यात जुन्या अभिलेखांचे स्कॅनिंगही आहे. पण तुमच्या न्यायालयाची पाळी येईपर्यंत व्हिसाची मुलाखत थांबणार नाही. तेव्हा कागदी नोंदवहीकडेच वळावे लागेल.

नोंदवहीतही केवळ वडिलांच्या नावाने शोधू नका. पोलिसांनी दाखल केलेल्या खटल्यात एका बाजूला सरकार असते आणि दुसऱ्या बाजूला पुष्कळदा फक्त पहिल्या आरोपीचे नाव व "इतर पाच" किंवा "इतर सात" एवढेच लिहिलेले असते. तुमचे वडील आरोपी क्रमांक चार असतील तर त्यांचे नाव त्या ओळीत दिसणारच नाही. म्हणून पहिला आरोपी कोण होता, म्हणजे साधारणतः भावकीतला वडीलधारा किंवा ज्याच्या हाताने जखम झाल्याची फिर्याद होती तो कोण, हे घरी विचारून घ्या. ज्यांनी फिर्याद दिली त्यांचे नाव शोधण्यात वेळ घालवू नका, कारण ते या खटल्यात पक्षकार नसून साक्षीदार असतात.

दुसरी गोष्ट वर्षाची. गुन्हा १९९४ चा असला तरी खटल्याला क्रमांक मिळतो तो दोषारोपपत्र न्यायालयात दाखल झाल्यावर, आणि ते जर १९९५ मध्ये आले असेल तर खटला "रेग्युलर क्रिमिनल केस नंबर अमुक/१९९५" असा नोंदला जातो. गुन्ह्याचे वर्ष धरून नोंदवही चाळणारे लोक रिकाम्या हाताने परत जातात आणि अभिलेख नष्ट झाला असे समजतात. अशी माणसे मी खिडकीसमोर पुष्कळ पाहिली आहेत.

म्हणून मूळ धागा पोलीस ठाण्यातून पकडा. गुन्हा रजिस्टर नंबर, दोषारोपपत्र पाठवल्याची तारीख आणि जमल्यास न्यायालयाचा खटला क्रमांक, या तीन गोष्टी ठाण्याच्या जुन्या गुन्हे नोंदवहीतून मिळू शकतात. ठाण्यात न्यायालयीन कामासाठी नेमलेला पैरवी कर्मचारी असतो, त्याला भेटावे. ठाणे अंमलदाराला यातले फारसे ठाऊक नसते आणि तो दोष त्याचा नाही.

जिल्ह्याबद्दल सांगायचे तर नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चाललेल्या खटल्याचा अभिलेख तालुक्याच्या न्यायालयात किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात असू शकतो. आणि महसुली जिल्हा झाला म्हणजे सगळे जुने दप्तर त्याच दिवशी नव्या ठिकाणी गेले असे होत नाही. तालुक्यात "येथे नाही" असे उत्तर मिळाले तर अभिलेख कोणत्या तारखेच्या यादीने कोठे पाठवला हे विचारा. दप्तर हलते तेव्हा त्याची यादी होते. निकालाविरुद्ध अपील झाले असेल तर मात्र मूळ कागद त्या वेळी सत्र न्यायालयाने मागवून घेतलेले असतील, म्हणून धुळ्याचाही विचार ठेवा.

फौजदारी_वकिली

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. कायद्याच्या बाजूने थोडी भर घालते.

वडील स्वतः आरोपी होते, त्यामुळे नक्कल मिळण्याच्या त्यांच्या हक्काबद्दल शंका नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६३ मध्ये आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ मध्ये, निकालाचा ज्याच्यावर परिणाम होतो अशा व्यक्तीने अर्ज करून खर्च भरल्यास निकालाची, साक्षीची किंवा अभिलेखाच्या अन्य भागाची नक्कल द्यावी अशी तरतूद आहे. त्रयस्थाला मात्र उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे कारण दाखवून परवानगी घ्यावी लागते. म्हणून अर्ज तुमच्या नव्हे, वडिलांच्या नावाने करा. त्यांची स्वाक्षरी, ओळखपत्राची प्रत आणि कशासाठी नक्कल हवी याचा एका वाक्यात उल्लेख पुरेसा होतो. त्यांना वारंवार जाणे अवघड असेल तर स्थानिक वकिलाला वकीलपत्र देणे हा सोपा मार्ग आहे.

आता "मिटला" या भागाकडे नीट पाहा, कारण तुमच्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच आहे. तुम्ही दिलेली कलमे बरोबर असतील तर त्या काळात, ५०६ मधील ठार मारण्याच्या धमकीसारखा गंभीर भाग वगळता, ती तडजोडपात्र होती. कलम ३२४ न्यायालयाच्या परवानगीने आपसात मिटवता येत असे. ते तडजोडपात्र गुन्ह्यांच्या यादीतून पुढे बऱ्याच वर्षांनी वगळले गेले. जुन्या संहितेच्या कलम ३२० (८) प्रमाणे तडजोडीचा परिणाम आरोपीच्या निर्दोष मुक्ततेचा असतो. तेव्हा खटला तडजोडीने संपला असेल तर लांबलचक निकालपत्र असणारच नाही. तडजोडीच्या अर्जावर केलेला चार-सहा ओळींचा आदेश हाच तुमचा निकाल असेल. साक्षीदार फितूर होऊन निर्दोष मुक्तता झाली असेल तर मात्र रीतसर निकालपत्र असेल. तिसरी शक्यताही गृहीत धरा: आरोपींनी गुन्हा कबूल करून किरकोळ दंड भरला आणि घरी येऊन "मिटले" असे सांगितले. खेड्यापाड्यांत हे सर्रास घडत असे, आणि कायद्याच्या दृष्टीने ती दोषसिद्धी आहे. अमेरिकेच्या अर्जात दोषसिद्धीबद्दलही प्रश्न असतो, म्हणून कागद हाती येईपर्यंत भावाने त्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देऊ नये.

या कारणासाठी नक्कल अर्जात केवळ "निकालपत्र" असे लिहू नका. अंतिम आदेश किंवा निकालपत्र, तडजोडीचा अर्ज असल्यास तो, दोषारोपपत्र आणि संपूर्ण रोजनामा, असे स्पष्ट लिहा. रोजनाम्यात प्रत्येक तारखेला काय झाले याची त्रोटक नोंद असते आणि बाकी कागद गहाळ असले तरी एकट्या रोजनाम्यावरून खटल्याची कहाणी जुळवता येते.

माहितीचा_कार्यकर्ता

माहितीच्या अधिकाराबद्दल तुम्ही विचारले आहे. न्यायालयाकडून नक्कल मिळवण्यासाठी तो मार्ग धरू नका. गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केले की न्यायालयीन अभिलेखाच्या नकला उच्च न्यायालयाच्या नियमांनुसार मिळण्याची सोय असेल तर त्या तशाच मागाव्या लागतात.

पोलिसांकडे मात्र हा कायदा कामाचा आहे. अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह ठाण्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यावा. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे भावकीचा इतिहास लिहीत बसू नका. अंदाजे महिना, गावाचे नाव, दोन्ही बाजूंच्या प्रमुखांची नावे, आणि गुन्हा रजिस्टर नंबर, दोषारोपपत्राची तारीख व न्यायालयीन खटला क्रमांक यांच्या नोंदींची मागणी, एवढेच लिहा. घटनेला वीस वर्षे उलटून गेली आहेत, त्यामुळे कायद्याच्या कलम ८ (३) प्रमाणे नकाराची बहुतेक कारणे लागू होत नाहीत; अर्जात त्या कलमाचा उल्लेख अवश्य करा. वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज फेटाळण्याची आपल्याकडे फार हौस आहे.

पोलिसांच्या संकेतस्थळावर प्राथमिक माहिती अहवाल (एफआयआर) मिळेल असे कोणी सांगितले तर तिकडे जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने ते संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश २०१६ मध्ये दिला. १९९४ चे अहवाल तेथे नसणार.

तापीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या सांगण्याप्रमाणे वडिलांच्या नावे ठाण्यात माहितीचा अर्ज दिला आणि उत्तर आले आहे. गुन्हा रजिस्टर नंबर मिळाला, आणि दोषारोपपत्र फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायालयात पाठवल्याची नोंदही आहे. पहिला आरोपी म्हणून माझ्या चुलत आजोबांचे नाव आहे. परंतु खटला क्रमांकाचा आणि निकालाचा रकाना कोराच आहे. आता न्यायालयात नेमके काय मागावे? आणि अभिलेख नष्ट केला आहे असे उत्तर मिळाले तर पुढे काय?

जुने_दप्तर

आता काम अर्धे झाले असे समजा. फेब्रुवारी १९९५ ही तारीख हाती असेल तर १९९५ च्या फौजदारी नोंदवहीची फेब्रुवारी ते एप्रिल एवढीच पाने पाहायची आहेत. न्यायालयातील सहायक अधीक्षकांना भेटून, क्रमांक माहीत नसल्यामुळे नोंदवहीत शोध घेऊन तो कळवावा असा लेखी अर्ज द्या. त्यात पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर नंबर, चुलत आजोबांचे नाव "व इतर" आणि कलमे लिहा. तोंडी विचारलेत तर तोंडीच उत्तर मिळेल, आणि ते तुम्हाला कोठे दाखवता येणार नाही. मार्चअखेरीस जाऊ नका. त्या दिवसांत निकाली प्रकरणांच्या आकडेवारीत सगळे बुडालेले असतात. नोंदवहीच्या त्याच ओळीत शेवटी निकालाची तारीख आणि निकालाचे स्वरूप थोडक्यात लिहिलेले सापडेल, म्हणजे वकीलताईंनी सांगितलेल्या तीन शक्यतांपैकी कोणती खरी हे तेथेच कळेल.

अभिलेख नष्ट झाल्याची भीती अगदीच निराधार नाही. निकाली खटल्याचे कागद वर्गवारी करून ठेवलेले असतात आणि प्रत्येक वर्गाची जतनाची मुदत वेगळी असते. समन्स, हजेरीचे अर्ज वगैरे आधी जातात. नोंदवही मात्र कागदांपेक्षा जास्त टिकते. म्हणून नक्कल देता येत नाही असे उत्तर आल्यास दोन गोष्टी लेखी मागा: अमुक खटल्याचा अभिलेख नियमानुसार अमुक तारखेस नष्ट केला असा न्यायालयाच्या सहीशिक्क्याचा दाखला, आणि नोंदवहीतील त्या नोंदीची प्रमाणित नक्कल.

फौजदारी_वकिली

ते दोन्ही कागद एकत्र सादर केल्यास, कागद का नाही आणि निकाल काय होता, या दोन्ही प्रश्नांना न्यायालयाकडूनच उत्तर मिळते. सोबत वडिलांचे प्रतिज्ञापत्र जोडता येईल. मात्र केवळ प्रतिज्ञापत्रावर विसंबू नये.

नक्कल मिळाल्यावर शेवटचे पान तेथेच उभे राहून तपासा. अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, ती दिल्याची तारीख, प्रत्येक पानावर शिक्का आणि शेवटी "खरी नक्कल" म्हणून अधिकाऱ्याची सही, यांपैकी काही राहिले तर दुरुस्तीसाठी पुन्हा तालुक्याला खेप पडते. वडिलांचे नाव पासपोर्टवरील नावाशी जुळते का तेही पाहा. त्या काळच्या कागदांत "रामा" आणि "रामदास" एकच माणूस असतो, आणि असा फरक असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे वेगळे प्रतिज्ञापत्र लागेल. आदेश मराठीत असल्यास इंग्रजी भाषांतर आणि त्यावर भाषांतरकाराचे स्वाक्षरीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. आणि अर्ज करतानाच दोन नकला मागा, एक मुलाखतीला देण्यासाठी आणि एक घरी ठेवण्यासाठी.