54 अंश? मग हात ठेवून दाखवा!

टॅपेट_टकटक:
दोन दिवस गप्प होतो, आता राहवत नाही. आपल्यातल्याच नाशिककरांची पोस्ट सगळ्या बुलेट ग्रुपांवर फिरतेय. मे महिन्यात भर दुपारी डबलसीट कसारा घाट चढले, इगतपुरीला चहाला थांबले, 900 रुपयांची इन्फ्रारेड गन (लांबून तापमान मोजणारी) चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या खोळीच्या, चकचकीत कव्हरवर धरली. आकडा आला 54. आणि निष्कर्ष काय, तर 'एअरकूल्ड इंजिनाचं ऑइल तापतं ही अफवा आहे, ऑइल कूलर म्हणजे पैसे उकळायचा धंदा'.

अहो, 54 अंश कसलं? कव्हरचं? तेलाचं? की कव्हरमध्ये दिसणाऱ्या तुमच्या प्रतिबिंबाचं? स्वस्त गन समोरच्या वस्तूची एमिसिव्हिटी (वस्तू स्वतःची उष्णता किती बाहेर टाकते त्याचं माप) 0.95 आहे असं गृहीत धरते. पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमची 0.1 च्या आसपास असते. म्हणजे तो पत्रा स्वतःची उष्णता गनकडे फारशी पाठवतच नाही, आजूबाजूचीच परत फेकतो. गन आरशात बघून ताप मोजतेय.

माझ्या क्लासिक 350 च्या ड्रेन नटाला (तळातून तेल काढायचा नट) भोक पाडून के-टाइप थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, वायर बसवली आहे, टोक थेट तेलात. उकळत्या पाण्यात बुडवून मीटर 100 ला जुळवून घेतलाय. गेल्या उन्हाळ्यात वरंधा घाटात 118 दाखवत होता. आता बोला.

नाशिककर_350:
बोलतो ना. त्याच गनने त्याच टपरीवर चहा मोजला होता, 71 आला. तोंडाला लावला तेव्हा 71 च वाटला. चहाला खरं बोलणारी गन इंजिनाला खोटं कशी बोलेल? का तिला बुलेटचा राग आहे?

टॅपेट_टकटक:
चहा चकाकत नाही म्हणून! पाण्याची एमिसिव्हिटी 0.95 च्या जवळच असते. गन चहासाठी उत्तम आहे, टपरी टाका.

स्पॅनर_बावीस:
आमचा मिस्त्री 30 वर्षं गाड्या खोलतोय, त्याने आयुष्यात मीटर बघितला नाही. इंजिनाच्या फिन्सवर (गार करणाऱ्या पात्यांवर) दोन थेंब पाणी उडवतो. चर्र झालं की 'दहा मिनिटं थांब' म्हणतो. बाकी सगळे चोचले.

टॅपेट_टकटक:
ते हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या टोकाचं, तापमान झालं. हेड 180 ला असताना सम्पमधलं (तळाला साठलेलं) तेल 105 असू शकतं. विषय तेलाचा आहे, दादा.

इथेनॉल_पीडित:
कोणी मूळ मुद्द्यावर येणार आहे का? हे सगळं ई-20 (20 टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलमुळे. माझी जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी आधी कधी तापत नव्हती. मिश्रण लीन होतं (हवा जास्त, इंधन कमी), इंजिन भाजून निघतं, आणि तुम्ही गन कुठे धरायची यावर भांडताय.

भोरची_स्वारी:
पीडितदादा, तुम्ही चेन ढिली झाल्याच्या धाग्यावरही हेच लिहिलं होतंत.

कास्ट_आयर्न_काका:
टकटक, तुझ्या पोस्टमधलं एक वाक्य खटकलं. उकळत्या पाण्यात मीटर '100 ला जुळवून घेतला'. कुठे?

टॅपेट_टकटक:
घरी. कोथरूडला. पातेल्यात. का?

कास्ट_आयर्न_काका:
कारण पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे आणि तिथे पाणी 98 च्या आसपास उकळतं. दर 300 मीटरला एक अंश कमी, हे शाळेत शिकवतात. मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये 31 वर्षं काढली. दरवर्षी एक तरी मुलगा जर्नलमध्ये न बघता 100 लिहायचा. तू तोच मुलगा आहेस.

स्पॅनर_बावीस:
पाणी 98 ला उकळतं??? काका, पाणी 100 लाच उकळतं. पुण्याचं पाणी काय वेगळं आहे? (पुणेकरांनो, उत्तर देऊ नका.)

पाचगणी_ते_पोलादपूर:
काका बरोबर आहेत. महाबळेश्वर 1350 मीटरवर, तिथे साडेपंच्याण्णवच्या आसपास. माझी आत्या तिथेच असते, कुकरशिवाय तूरडाळ शिजायला जन्म जातो.

स्पॅनर_बावीस:
डाळ जुनी असेल. आमच्या गावात कुकरशिवायच शिजते.

पाचगणी_ते_पोलादपूर:
गाव कुठलं?

स्पॅनर_बावीस:
गुहागर.

पाचगणी_ते_पोलादपूर:
😂😂 समुद्राला पाय लावून डाळ शिजवतोय आणि आम्हाला सांगतोय.

नाशिककर_350:
मीठ घातलं तर उकळबिंदू वाढतो ना? मग टकटकरावांनी चिमूटभर मीठ टाकावं, 100 होईल.

कास्ट_आयर्न_काका:
लिटरभर पाण्याचा उकळबिंदू दोन अंशांनी वाढवायला 100 ग्रॅमच्या वर मीठ लागेल. चिमटीचं काम नाही ते, लोणचं होईल.

टॅपेट_टकटक:
वा! एक माणूस तेलाचं तापमान आरशात बघून सांगतो, त्याला माफी. माझा दोन अंशांचा फरक पडला तर इथे आख्खा स्वयंपाक मांडला. बरं, 118 नाही, 116. झालं समाधान? तेलाला त्याने काय फरक पडतो?

भोरची_स्वारी:
दोनाने नाही पडत, पण तुमचा खरा घोळ दुसरीकडे आहे. ड्रेन नट चेंबरच्या तळाला, थेट वाऱ्यात. तुमचं टोक तेलात असलं तरी नटाच्या धातूला टेकलेलं असणार. नट उष्णता बाहेर ओढतो, मीटर कमी दाखवतो. पाण्याच्या चुकीने आकडा चढलाय, नटाच्या चुकीने उतरलाय. दोघी एकमेकींना खाताहेत, म्हणून तुम्हाला बरोबर वाटतंय.

मी हे अनुभवाने सांगतेय. माझ्या नटालाही सेन्सर होता. घाट उतरून गाडी बंद केली आणि लगेच फिलर होलमधून (तेल भरायच्या भोकातून) दुसरी वायर तेलात सोडली, तर 9 अंशांचा फरक. आणि हो, असा नट बसवताना एका गॅरेजवाल्याने लांब पाना लावून इतका आवळला की आटे गेले. 'ताई, ॲल्युमिनियमच हलकं आहे' म्हणाला. भोर ते महाड रस्ताभर तेल ठिबकत होतं. पुढचं दीड लिटर तेल मी बाटलीने पाजत नेलं.

टॅपेट_टकटक:
टोक टेकलेलं नाही. मध्ये टेफ्लॉनची नळी आहे.

...पण 9 नाही तरी 3-4 अंश जात असतील. असतील म्हणतोय, जातात म्हणत नाही.

स्पॅनर_बावीस:
मग फिलर कॅपच्या जागी डायल असलेला थर्मामीटर मिळतो, तो लावा की. भारी दिसतो.

भोरची_स्वारी:
आपल्या युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनात (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोळीत) त्याची दांडी तेलापर्यंत पोचते का ते आधी बघा. तेलाची पातळी खिडकीतून दिसते, त्याच्या वर दांडी लटकत असेल तर तुम्ही वाफ मोजताय.

कास्ट_आयर्न_काका:
म्हणून म्हणतो जुनं ते सोनं. माझी 1987 ची, ड्राय सम्प, म्हणजे तेल तळाला न साठता वेगळ्या टाकीत. तेलाची टाकी चेंबरमध्येच मागे, वरून डिपस्टिक काढायची आणि तिथेच थर्मामीटर बुडवायचा. लॅबमधला काचेचा होता, तो दिवेघाटात फुटला. मग हिच्या पाकाचा थर्मामीटर नेला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. त्यावर अधिक बोलणार नाही.

इथेनॉल_पीडित:
1987 ला शुद्ध पेट्रोल होतं, काका.

नाशिककर_350:
सगळं ठीक, पण माझा मूळ प्रश्न कोणी ऐकतच नाही. समजा 116. मग काय बिघडलं? मी 20W50 ग्रेडचं तेल घालतो. ते 50 अंशांपर्यंतच्या हवेसाठीच असतं. नाशकात 50 होत नाही.

टॅपेट_टकटक:
आई शपथ. 50 चा हवेशी काही संबंध नाही! 100 अंशांवर तेल किती जाड राहतं त्याचा तो ग्रेड आहे: 16.3 ते 21.9 सेंटीस्टोक्स (जाडपणाचं एकक). त्याच्या वर तापलं की पातळ होत जातं, आणि दर 10 अंशांना ऑक्सिडेशन ढोबळ मानाने दुप्पट. 116 ला आभाळ कोसळत नाही, पण रोज घाट करणाऱ्याने 'ऑइल तापत नाही' म्हणून 10,000 किलोमीटर तेच तेल चालवलं तर हेड उघडल्यावर काळी साय दिसेल.

नाशिककर_350:
ओरडू नका. W म्हणजे वॉटर नाही एवढं मलाही माहीत आहे.

भोरची_स्वारी:
नाशिककर, एक करा. त्याच कव्हरवर इलेक्ट्रिशियनची काळी टेप दोन इंच चिकटवा. गाडी तापवून, पाच मिनिटं थांबून, गन अगदी जवळून टेपवर धरा. मग बाजूला उघड्या धातूवर. दोन्ही आकडे इथे टाका.

नाशिककर_350 (तीन तासांनी):
त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो. धातूवर 51. टेपवर 88.

टेप चांगल्या कंपनीची नसावी.

टॅपेट_टकटक:
😐

नाशिककर_350:
बरं बाबा, टेप खरी. तुमचं बरोबर. पण 88 म्हणजे 118 नाही, हेही लिहून घ्या.

टॅपेट_टकटक:
88 कव्हरचं, आतलं तेल त्याहून जास्त. आणि त्र्यंबकेश्वर म्हणजे कसारा नव्हे. रविवारी डबलसीट घाट चढून या, मग बोलू.

कास्ट_आयर्न_काका:
टकटक, तू आधी मीटर 98 ला जुळव. आणि 100 च्या वर तो खरं बोलतो का हे पाण्यात कळणार नाही. तळणीचं तेल घे, शेजारी चांगला थर्मामीटर धर, 130 ला दोन्ही जुळतात का बघ.

स्पॅनर_बावीस:
कढई तापलीच आहे तर वडे पण सोडा. पत्ता टाका.

टॅपेट_टकटक:
बायको विचारतेय हा धागा कोणी चालू केला. मी नाशिककरांचं नाव सांगितलंय.