मदत हवी आहे: भांगेच्या झाडाचा मुलूख बदलला तर काय होतं?

नमस्कार मंडळी. इंदूरला एमएस्सी करतेय, सेमिनारला विषय घेतलाय भांगेचं झाड. (घरी फक्त 'वनस्पतिशास्त्र' एवढंच सांगितलंय.)

रात्री मोठ्या होऊ लागल्या की हे झाड फुलोऱ्यावर येतं. म्हणून थंड मुलखातलं धाग्याचं वाण दक्षिणेला आणलं तर ते उंची धरायच्या आतच फुलतं आणि धागा आखूड राहतो. उलट, उष्ण भागातलं वाण युरोपात नेलं तर बी पिकायच्या आत थंडी गाठते. रशियाकडची ठेंगणी रानटी झाडं मात्र रात्र-बित्र बघत नाहीत, ठरावीक वय झालं की फुलतात.

अडलंय ते पुढे. जूनच्या अखेरीस इंदूरचा दिवस साधारण साडेतेरा तासांचा, कुमाऊंतल्या (उत्तराखंड) अल्मोड्याचा चौदा. एवढ्याशा फरकाने कुमाऊंचं वाण माळव्यात लवकर फुलेल का? की खरा घोळ आपल्या काळ्या मातीचा? साचलेलं पाणी याच्या मुळांना अजिबात सोसत नाही.

परवान्याशिवाय लावून बघता येत नाही, १९८५ चा एनडीपीएस (अमली पदार्थांबाबतचा) कायदा आहे. तेव्हा ग्वाल्हेरकडे किंवा पहाडात रानभांग पाहिलेल्यांनी कृपया सांगा, फुलोरा कोणत्या महिन्यात येतो? फोटो असल्यास तारखेसकट टाका.