शब्दचर्चा: कुठल्याही एपीआयला चालणारं साधन 'सर्वसाधारण' म्हणावं का?

प्रश्न

आमच्या एआय एजंटाला, म्हणजे सांगितलेलं काम आपणहून करणाऱ्या प्रोग्रामला, जी साधनं दिली आहेत, त्यांची वर्णनं मी सध्या मराठीत लिहिते आहे. हवामान बघण्याचं साधन, बिलं शोधण्याचं साधन, ही ठरावीक कामांची वर्णनं पटकन झाली. अडले ती शेवटच्या एकापाशी. त्याला पत्ता द्यायचा, गेट (वाचणं), पोस्ट (नवं पाठवणं), पुट (पूर्ण बदलणं), पॅच (थोडं बदलणं), डिलीट (काढून टाकणं) यांपैकी पद्धत सांगायची, लागतील ते हेडर (विनंतीसोबतची जादा माहिती) आणि मजकूर जोडायचा. ते कुठल्याही एपीआयकडे, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामशी बोलायच्या खिडकीकडे, रिक्वेस्ट पाठवतं आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं हातात ठेवतं. मी लिहिलं होतं: 'एपीआय विनंतीसाठी सर्वसाधारण साधन. सर्व कामांना उपयुक्त.'

झालं असं की एजंट बिलांचं साधन बाजूला ठेवून दर वेळी हेच उचलू लागला, आणि पत्तेही मनानेच रचू लागला. 'सर्वसाधारण' हा शब्द चुकला का? 'बहुउद्देशीय' बरा वाटतो का?

प्रतिसाद

'सर्वसाधारण' दोन दिशांना ओढतो. सर्वसाधारण सभा म्हणजे सगळ्या सभासदांची. सर्वसाधारण माणूस म्हणजे चारचौघांसारखा. दुसऱ्या अर्थाने तुमचं साधन फार साधं, निरुपद्रवी वाटतं, आणि ते तसं मुळीच नाही. 'बहुउद्देशीय'ही नको. बहुउद्देशीय सभागृहात लग्नं होतात, व्याख्यानं होतात, मतदानही होतं. उद्देश पुष्कळ असले तरी सांगता येतात. तुमच्या साधनाला स्वतःचा उद्देशच नाही. तो एजंट घेऊन येतो.

मला इथे कचेरीतला जुना शब्द आठवतो: कुलमुखत्यारपत्र. 'कुल' म्हणजे सगळं, 'मुखत्यार' म्हणजे निवडून नेमलेला. दोन्ही मुळात अरबी. विशेष मुखत्यारपत्र एका कामापुरतं असतं, एवढा एक दस्त नोंदवून ये म्हणून दिलेलं. कुलमुखत्यारपत्रावर सही करताना मात्र माणूस सख्ख्या भावाच्या बाबतीतही थांबून विचार करतो. साधनाला हे नाव द्या असं मी म्हणत नाही. पण तो थांबून केलेला विचार वर्णनात यायला हवा: कशाला हात लावायचा नाही, कोणत्या पत्त्यांपलीकडे जायचं नाही.

प्रतिसाद

माझ्या मते विशेषणापेक्षा 'सर्व कामांना उपयुक्त' या वाक्याने घोळ केला. साधन निवडताना मॉडेलसमोर (एजंटाच्या मागे असलेल्या एआयसमोर) त्या साधनाचं नाव, वर्णन आणि इनपुटचा आराखडा एवढंच असतं. एआयला साधनं जोडण्यासाठी नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही मांडणी हीच आहे. साधनाच्या आतला कोड मॉडेलला दिसत नाही. आपण कौतुकाने लिहिलेलं वाक्य तिथे सूचना म्हणून वाचलं जातं. सगळ्या कामांना चालतं म्हटल्यावर ते सगळ्या कामांना वापरलं जाणारच.

आणखी एका शब्दाबद्दल सावध करतो, तो म्हणजे 'सुरक्षित'. एचटीटीपी म्हणजे वेबवर विनंत्या आणि उत्तरं पाठवण्याची पद्धत. तिचं 2022 चं प्रमाण (स्टँडर्ड) आहे, आरएफसी 9110. त्यात गेटला 'सेफ' म्हटलंय. अर्थ एवढाच की ही पद्धत फक्त वाचण्यासाठी आहे, समोरच्या माहितीत बदल करायला ती वापरायची नाही. मराठीत 'गेट सुरक्षित आहे' लिहिलं की वाचणाऱ्याला कुलूपबंद वाटतं. गेटने गोपनीय माहितीही बाहेर काढता येते! म्हणून सरळ 'फक्त वाचणारी' म्हणा.

त्याच प्रमाणातला 'आयडेम्पोटंट' तर याहून अवघड. पुट आणि डिलीट त्यात बसतात, पोस्ट आणि पॅच नाहीत. एकच नोंद दोनदा डिलीट केली तर दुसऱ्या वेळी कदाचित 404 ('सापडलं नाही') येईल, पण शेवटची स्थिती तीच राहते. पैसे भरण्याची पोस्ट मात्र उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा पाठवली तर दोनदा पैसे जाऊ शकतात. याला एकशब्दी प्रतिशब्द घडवण्याच्या मी विरुद्ध आहे. 'पुन्हा पाठवली तरी परिणाम तोच' हे पाच शब्द एजंटालाही कळतात आणि कोड तपासणाऱ्या माणसालाही.

प्रतिसाद

'विनंती'वर आक्षेप येईल, आधीच उत्तर देऊन ठेवते. ऑफिसात आपण 'रिक्वेस्ट मारली', 'एपीआय हिट केला' असंच बोलतो, आणि डिलीटसारखी उडवून टाकणारी गोष्ट 'विनंती' कशी, असं वाटतं. पण विनंती नाकारता येते, आणि तेच इथे खरं आहे. सर्व्हर 401 (ओळख पटवा) देतो, 403 (मनाई) देतो, फार वेळा गेलात तर 429 देऊन थांबवतो. 'आज्ञा' किंवा 'मागणी' यांत ही शक्यता झाकली जाते. 'अर्ज' जमला असता, पण त्याला कागदाचा वास येतो. बोलताना रिक्वेस्ट, लिहिताना विनंती, हे मला तरी खटकत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. विशेषण काढूनच टाकलं. आता वर्णन असं आहे:

'दिलेल्या पत्त्यावर एचटीटीपी विनंती पाठवतं आणि आलेलं उत्तर न बदलता परत देतं. त्या कामासाठी वेगळं साधन असेल तर हे वापरू नये. पत्ता वापरकर्त्याने दिलेला किंवा एपीआयच्या दस्तऐवजातला असावा. अंदाजाने रचू नये. गेट फक्त वाचण्यासाठी. पोस्ट, पुट, पॅच, डिलीट यांआधी वापरकर्त्याची परवानगी घ्यावी. उत्तर आलं नाही म्हणून पोस्ट किंवा पॅच आपणहून पुन्हा पाठवू नये.'

मुखत्यारपत्राचा मुद्दा वाचून आणखी एक केलं: चालणाऱ्या पत्त्यांची यादी कोडमध्येच घातली, कारण नुसतं लिहून बंधन येत नाही. एजंट पुन्हा बिलांच्या साधनाकडे वळला आहे. एक शब्द अजून टोचतो. 'परवानगी' ठेवू की 'होकार'? परवानगी एकदा मिळाली की कायमची, असं कुणी वाचेल याची भीती वाटते. मला प्रत्येक वेळी नव्याने विचारलेलं हवं आहे.