'अधिक वाचा' नऊ वेळा: लिंकांना आणि बटणांना नावं काय द्यावीत?

फोंड्याची_शेवंती
आमच्या नाटक मंडळाची साइट मी सांभाळते. पैसे नाहीत, पण जत्रेची तारीख टाकायची राहिली की फोन मात्र येतात. प्रत्येक प्रयोगाचं एक कार्ड आहे: फोटो, गाव, तारीख, खाली हिरवं 'अधिक वाचा'. मामांची नजर गेली आहे, ते एनव्हीडीए हा पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतात. परवा घरी आले तेव्हा हौसेनं साइट उघडून दिली. त्यांनी इन्सर्ट धरून एफ७ दाबलं, लिंकांची यादी काढली. अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा... नऊ वेळा. मग म्हणाले, "बाय, हातूंतलें शिरोड्याचें खंयचें?"
व्हॉट्सॲपच्या चिन्हावर तर नुसतंच "बटण". एरिया-लेबल (कोडमध्ये दिलेलं, पडद्यावर न दिसणारं पण स्क्रीन रीडर वाचतो ते नाव) घालून सुटेल का? 'अधिक वाचा, शिरोडा' आणि 'व्हॉट्सॲप बटण' असं लिहू?

डिचोलीकर
मी जन्मापासून ऐकूनच वाचतो, तेव्हा मामांची बाजू सांगतो. 'बटण' लिहू नका. ते स्क्रीन रीडर स्वतः म्हणतो, नाहीतर "व्हॉट्सॲप बटण बटण" ऐकू येतं. चिन्हाचं नाव नको, दाबल्यावर काय होणार ते हवं: 'मंडळाला व्हॉट्सॲपवर विचारा'.
आणि 'शिरोडा' आधी घ्या. आम्ही आवाज भरधाव ठेवतो, पहिल्या दोन शब्दांत कळलं नाही की के दाबून पुढच्या लिंकवर. यादीत 'शि' टाइप करून थेट तिथं जाता येतं, पण सगळ्याच लिंका 'अ'नं सुरू झाल्या तर बसा मोजत.
आणखी एक, पानाची भाषा मराठी अशी नोंदवली आहे ना? मराठी मजकुरावर इंग्रजीची नोंद असली की माझ्याकडे इंग्रजी आवाज उठतो आणि देवनागरीपाशी मुका होतो.

म्हापशाचा_कोडवाला
ताई, एरिया-लेबल जरा जपून. ते दिसणाऱ्या शब्दांत भर घालत नाही, त्यांची जागा घेतं. पडद्यावर 'अधिक वाचा' आणि आत 'शिरोड्याचा प्रयोग' असेल, तर हात चालत नाहीत म्हणून तोंडानं हुकूम देणारा माणूस "अधिक वाचा" म्हणत राहील आणि काही होणार नाही. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या नियमावलीत, यासाठी वेगळा निकष आहे, २.५.३: दिसणारे शब्द नावात असलेच पाहिजेत.
मी असतो तर 'अधिक वाचा' काढूनच टाकलं असतं. कार्डाचं शीर्षक हीच लिंक करा. एरिया-लेबल फक्त त्या व्हॉट्सॲपला, कारण तिथं दिसणारा शब्दच नाही.
फोटोही लिंक आहे का? पर्यायी मजकूर, म्हणजे फोटोत काय आहे ते कोडमध्ये लिहिलेलं, नसेल तर फाइलचं नाव वाचलं जाईल.

फोंड्याची_शेवंती
केलं. आता यादीत 'शिरोडा, शनिवारचा प्रयोग', 'बोरी, रविवारचा प्रयोग' असं येतं. भाषेची नोंद खरंच इंग्रजी होती, तयार साच्यातून आलेली! मामांना फोनवरून पाहायला सांगितलं. शिरोडा लगेच सापडला आणि लगेच विचारलं की गाडीत एक जागा आहे का.
सेक्रेटरी मात्र रुसलेत. हिरवं बटण त्यांनीच निवडलं होतं, आता "साइट ओकीबोकी दिसते" म्हणे. फोटो अजून 'आयएमजी २०४७' असंच बोलतात. ते रविवारी, बोरीहून परतले की.