साडेचार वर्षांच्या लेकीला स्वयंपाकात कोणतं काम देऊ? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही डोंबिवलीत वन बीएचकेत राहतो. ओट्यापुढे दोघं उभे राहिले की तिसऱ्याला वळायलाही जागा नाही. संध्याकाळी सातला मी कामावरून येऊन कणीक भिजवायला घेते आणि नेमकी तेव्हाच लेक "मी पण, मी पण" करत पायात येते. सात वर्षांच्या मुलाला तर पोळी लाटायची आहे, शिवाय आता सुरीही हवी आहे.

त्यांना हाकलायचं माझ्या अगदी जिवावर येतं. मला लग्नाआधी चहापलीकडे काही येत नव्हतं आणि पहिली दोन वर्षं फार जड गेली. मुलावर ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

पण गेल्या आठवड्यात लेक प्लास्टिकच्या स्टुलावर चढली, तोल गेला आणि हात तव्याच्या कडेला लागला. दोन बोटांना फोड आले. सासूबाईंनी घाबरून टूथपेस्ट लावली. डॉक्टर म्हणाले, भाजल्यावर लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं धरायचं. बर्फ, पेस्ट, हळद काही लावायचं नाही. तेव्हापासून सासूबाई म्हणतात, दहा वर्षांची होईपर्यंत मुलं आत नकोत. त्यांची भीती मला कळते, वाद घालावासा वाटत नाही.

मेथी निवडायला दिली तर दहा मिनिटांत कंटाळते. कणकेचा गोळा दिला तर कच्चाच तोंडात घालते. गॅस चालू असताना तिला गुंतवून ठेवील असं काय देऊ?

प्रतिसाद १
ताई, ओटा सोडा आणि मुलांना जमिनीवर आणा. दाराशी चटई, त्यावर परात आणि पोळपाट. खाली बसलेलं मूल पडत नाही, तव्यापर्यंत पोचतही नाही. लेकाला लाटू दे, नकाशा झाला तरी भाजा आणि त्यालाच वाढा. तव्यावर टाकायचं काम मात्र तुमचंच. सुरीची सुरुवात बोथट सुरीने, केळं आणि उकडलेल्या बटाट्यापासून. शंकरपाळ्यांचं कातणं असेल तर लेकीला द्या, माझी मुलगी त्यावर अर्धा तास रमते.

प्रतिसाद २
कच्ची कणीक खाऊ देऊ नका, कच्च्या पिठातही जंतू असू शकतात. खेळायला गोळा दिलात तर नंतर हात साबणाने धुवायचे. लेकीला अख्खे शेंगदाणेही नकोत, घशात अडकतात. त्याऐवजी कूट करून वाटीने मोजायला द्या. हिरवी मिरची तर दोघांच्याही हाती नको, तेच हात डोळ्यांना लागतात. उकळतं भांडं मागच्या शेगडीवर ठेवा, कढईचा दांडा आत वळवा. आणि मुलांची कामं गॅस पेटवण्याआधी उरकली तर निम्मी धावपळ वाचते.

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार. आज चटई घातली. लेकीने काकडीच्या कोशिंबिरीत कूट घातलं, दही ओतलं, मीठ मी घातलं. लेकाने चार पोळ्या लाटल्या, एक फाटली. सासूबाई आधी दारात उभ्या होत्या, मग पाट घेऊन लेकीशेजारी बसल्या आणि तिला चिमटीने कोथिंबीर खुडायला शिकवू लागल्या. त्यांना ज्वारीची भाकरी हातावर थापता येते, मला नाही. सात वर्षांच्या मुलाला ती शिकवायची तर पीठ गरम पाण्यात मळावं लागतं, ते आधी मळून कोमट होऊ दिलं तर भाकरी चिरते का?