गाठीची बायोप्सी: कुठे घोळ होतो? अनुभव लिहा

जांभळी_स्लाइड
शेजारच्या धाग्यावर 'सुई टोचली की कॅन्सर पसरतो' पुन्हा वाचलं आणि जुनी ओपीडी आठवली. स्तनाच्या गाठीत टोचल्याने आजार वाढत नाही. घोळ होतो तो न तपासता गाठ थेट कापून काढली की. क्रम असा: हाताने तपासणी, मॅमोग्राफी-सोनोग्राफी, मग १४ गेजच्या जाड सुईने कोअर बायोप्सी, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. बायरॅड्स (मॅमोग्राफी-सोनोग्राफीच्या रिपोर्टमधला संशयाचा अंक) ४ किंवा ५ आलं तर बायोप्सी टाळू नका. पुढचं लिहा मंडळी.

दुपारचा_चहा
अंडकोषाची गाठ अपवाद हं. तिथे सुई घालत नाहीत, जांघेतून अख्खा काढतात.

मेणाचा_ब्लॉक
तुकडा तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये (तो टिकवणाऱ्या द्रवात) गेलाच पाहिजे. १० टक्के, न्यूट्रल बफर्ड, तुकड्याच्या किमान १० पट. स्तनाचा असेल तर ६ ते ७२ तास. कमी वेळ ठेवला की ईआर (गाठ इस्ट्रोजेन हॉर्मोनवर वाढते का ते सांगणारी चाचणी) खोटं निगेटिव्ह येऊ शकतं आणि बाईची हॉर्मोन रोखणारी गोळी हुकते! सलाइनमध्ये रात्रभर ठेवलेला तुकडा तर वायाच. आणि बरणी रुंद तोंडाची घ्या हो. मऊ गाठ बाटलीत कोंबतात, आत ती कडक होते, मग काढा चिमट्याने.

कोकणकडा
लोणच्याची बरणी बरी म्हणायची 😄

मेणाचा_ब्लॉक
@कोकणकडा धुतलेली असेल तर 😄

जांभळी_स्लाइड
हर-टू (स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) २+ म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे. फिश (त्याच्या जनुकाची चाचणी) करायचं, मग ट्रॅस्टुझुमॅब या हर-टूवरच्या औषधाचं ठरतं. ३+ ला फिश लागत नाही. ग्रेड आणि स्टेजही एक नव्हेत: ग्रेड पेशी किती बिघडल्या ते, स्टेज कुठवर गेलंय ते.

सातारी_माई
परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला दुसरं मत घ्यायचं तर नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही, ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड (त्याचे काचेवरचे पातळ काप) दोन्ही न्या. ब्लॉक उन्हात गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.

कोकणकडा
माई, राहायची सोय?

सातारी_माई
दादरला गाडगे महाराज धर्मशाळा. आधी फोन करून जागा विचारा.

दुपारचा_चहा
पेट स्कॅनआधी (किरणोत्सारी साखर टोचून कॅन्सर शोधतात तो) चहा?

जांभळी_स्लाइड
नाव बघता अवघड आहे 😀 साखरेचा, दुधाचा नाहीच. ४ ते ६ तास फक्त पाणी, रक्तातली साखर २०० च्या आत. मेटफॉर्मिन चालू असेल तर आधी सांगा, स्कॅनमध्ये आतडं उजळतं. च्युइंगमही नको, जबड्याचे स्नायू चमकतात.